राजपत्रातला तालुका

भारत सरकारच्या राजपत्राची एक छायाप्रत माझ्या टेबलाच्या खणात असते. तारीख २० जून १९९१. दिल्लीत त्या दिवशी चंद्रशेखर यांचं काळजीवाहू सरकार होतं. दुसऱ्या दिवशी नरसिंह रावांनी शपथ घेतली आणि २४ जुलैला परवाना पद्धत मोडीत काढणारं नवं औद्योगिक धोरण जाहीर झालं. देशाचं अर्थकारण कूस बदलणार होतं, त्याच्या ऐन तोंडावर पर्यावरण मंत्रालयाने तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला एक आख्खा तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला. तो तालुका आमचा. डहाणू.

मी याच तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. ‘शाश्वत विकास’ हा धडा पुस्तकात आला, तेव्हा त्याच्याबरोबर ब्रुंटलँड आयोगाची १९८७ ची व्याख्याही आली. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं, अशी ती व्याख्या. मुलं ती पाठ करत आणि परीक्षेत लिहीत. पण ती जिथे कसाला लागली ती जागा त्यांच्या वर्गाच्या खिडकीतून दिसत होती: एका बाजूला चिकूच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला औष्णिक वीज केंद्राची पावणेतीनशे मीटर उंचीची चिमणी. पुस्तकात मात्र डहाणूचं नाव नव्हतं. म्हणून राजपत्राची ती प्रत मी वर्गात घेऊन जायची.

देशपातळीवरची गोष्ट थोडक्यात सांगते. १९७२ मध्ये इंदिरा गांधी स्टॉकहोमच्या परिषदेला गेल्या. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचं रक्षण हे राज्याचं धोरण आणि नागरिकाचं कर्तव्य म्हणून राज्यघटनेत घातलं. १९८० मध्ये नारायण दत्त तिवारींच्या समितीचा अहवाल आला, त्यातून पर्यावरण विभाग निघाला आणि १९८५ मध्ये त्याचं मंत्रालय झालं. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ घडलं आणि १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. रिओच्या परिषदेच्या वेळी, जून १९९२ मध्ये, सरकारने राष्ट्रीय संवर्धन धोरण आणि पर्यावरण व विकासाविषयीचं निवेदन प्रसिद्ध केलं. शाश्वत विकासाचं देशाचं धोरण म्हणून दाखवायचा कागद तो. त्यात काय लिहिलंय ते आज कुणाला विचारून पाहा. धोरण म्हणजे खरं काय, ते मला त्या निवेदनापेक्षा डहाणूच्या त्या मोजक्या पानांतून जास्त कळलं, कारण त्या पानांसाठी माणसं तीस वर्षांहून अधिक काळ भांडत आली आहेत.

हा तालुका आहे कसा? पश्चिमेला समुद्र. किनाऱ्यालगत चिंचणी, वरोर, वाढवण, धाकटी डहाणू, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी अशी गावं. मांगेला, भंडारी, वाडवळ, माच्छी असा किनारपट्टीचा समाज. रेल्वे ओलांडून पूर्वेला गेलं की जमीन चढत जाते आणि वारली, मल्हार कोळी, कोकणा, धोडिया, दुबळा यांचे पाडे लागतात. तालुक्यातली बहुसंख्य माणसं आदिवासी. घोलवडला चिकूचं पहिलं झाड १८९८ च्या सुमारास लागलं असं सांगतात. इराणी कुटुंबांनी वाड्या वाढवल्या आणि पाहता पाहता कालीपत्ती चिकू हे या पट्ट्याचं मुख्य पीक झालं.

या हिरवाईला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून डहाणूचा इतिहास लिहू नये. वाड्या ज्यांच्या नावावर होत्या ते वेगळे आणि वाड्यांत राबत होते ते वेगळे. डोंगरपट्टीत जमीनदार आणि जंगल ठेकेदार वारल्यांकडून वेठ घेत. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको आयुष्यभर मालकाकडे राबायची, त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, वेठ बंद पडली, गवत कापायचा दर मागितला गेला, गोळीबार झाला. त्याच सुमारास ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. अनुताई वाघांना घेऊन त्यांनी बालवाडीचं काम मांडलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. म्हणजे वीज केंद्राची चर्चा सुरू झाली तेव्हा हा तालुका काही मुका नव्हता. अर्ज, मोर्चा, सभा, संघटना हे सगळं इथल्या माणसांना ठाऊक होतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कष्टकरी संघटना उभी राहिली होती आणि डोंगरपट्टीत लाल बावट्याचा जोर होताच.

१९८० च्या दशकात मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएस कंपनीने डहाणूच्या खाडीकाठी कोळशावर चालणारं ५०० मेगावॉटचं केंद्र उभारायचं ठरवलं. मुंबईची भूक भागवायला जागा हवी होती. खाडीचं पाणी होतं, रेल्वे होती. वाडीवाल्यांना भीती गंधकाची आणि राखेची. चिकूचं झाड बारमाही फुलतं, फळं बारमाही धरतात, त्यामुळे धुराला चुकवायला त्याला मोकळा हंगाम नाही. कोळ्यांना भीती खाडीत सोडल्या जाणाऱ्या कोमट पाण्याची. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण गटाने आधी उच्च न्यायालय आणि मग सर्वोच्च न्यायालय गाठलं. मार्च १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र अडवलं नाही. मात्र धुरातला गंधक काढून टाकणारं संयंत्र बसवायची जी अट मंजुरीत होती, ती पुरता विचार केल्याशिवाय शिथिल करू नये, असं त्या निकालात आलं. निकाल विरोधात गेला म्हणून तेव्हा घरोघरी हळहळ होती. पुढे सोळा वर्षांनी कामाला आलं ते हेच एक वाक्य.

निकालानंतर तीन महिन्यांनी अधिसूचना आली. कोकणात मुरुड-जंजिऱ्याला १९८९ मध्ये असं संरक्षण मिळालं होतं. डहाणूचा आवाका मोठा होता. उद्योगांचे तीन वर्ग केले: हिरवे, नारिंगी, लाल. लाल वर्गातल्या उद्योगांना तालुक्यात मज्जाव. उद्योगांसाठी सगळी मिळून जास्तीत जास्त ५०० एकर जमीन. तालुक्याच्या हद्दीबाहेर २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगांपासून मोकळा ठेवायचा. राज्य सरकारने वर्षभरात बृहत आराखडा करायचा. त्यात हिरवे पट्टे, फळबागा, आदिवासी भाग स्पष्ट आखून दाखवायचे आणि तिथला जमिनीचा वापर बदलू द्यायचा नाही.

‘आदिवासी भाग’ हे शब्द मी वर्गात फळ्यावर लिहायची. केंद्र सरकारच्या एका अधिसूचनेत झाडं, वाड्या आणि पाडे एका ओळीत आले होते.

दक्षिणेला, तालुक्याच्या वेशीपलीकडे, काय होतं हे लक्षात घेतलं तर अधिसूचनेची निकड कळते. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू. त्याच्याजवळ बोईसरला औद्योगिक वसाहत वाढत चाललेली, रसायनांचे आणि रंगांचे कारखाने आलेले. उत्तरेला गुजरातची हद्द ओलांडली की वापी. मुंबई-अहमदाबादच्या पट्ट्यात, रेल्वेच्या आणि महामार्गाच्या दोन्ही अंगांनी, कारखानदारी मोकळ्या जागांत शिरत होती. डहाणूला ती अडायला कारण हा कागद होता.

पण कागद स्वतःच्या पायांनी चालत नाही. आराखडा वर्षभरात झाला नाही. उद्योगांचे अर्ज येत राहिले, २५ किलोमीटरच्या पट्ट्याला काट मारायच्या खटपटी चालू झाल्या. १९९४ मध्ये बिट्टू सहगल यांच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेला पाहणी करायला सांगितलं. ३१ ऑक्टोबर १९९६ चा आदेश दोन गोष्टींसाठी महत्त्वाचा. एक, नीरीच्या शिफारशी धरून आराखडा अमलात आणायला राज्याला सांगितलं. आणि दुसरं, केंद्राने निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमावं, त्याने सावधगिरीचं तत्त्व आणि ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व लावावं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दोन्ही तत्त्वं शाश्वत विकासाचा भाग म्हणून आपल्या कायद्यात मानली होती. दोनच महिन्यांत ती एका तालुक्याच्या कामाला लागली. १९ डिसेंबर १९९६ रोजी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं आणि अध्यक्ष झाले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी.

दादा धर्माधिकारींचे चिरंजीव, मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, खादीतले. जानेवारी २०१९ मध्ये त्यांचं निधन झालं तोवर, म्हणजे बावीस वर्षं, ते या खुर्चीवर होते. प्राधिकरणात शास्त्रज्ञ, नगररचनाकार, सरकारी अधिकारी असत. पण आम्हा लोकांना महत्त्वाचं वाटलं ते हे की सुनावणी खुली असे. वकील लावल्याशिवाय बोलता येत असे, मराठीत बोलता येत असे. मी काही सुनावण्यांना जाऊन बसले आहे. एका बाजूला कंपनीची माणसं, नकाशांच्या गुंडाळ्या, जाड अहवाल. दुसऱ्या बाजूला धोतर नेसलेले वाडीवाले, मांगेलवाड्यातल्या बायका, हातात शाळेच्या वहीची पानं घेऊन आलेली तरुण पोरं. एकदा एका कोळी आजोबांनी उधाणाला पाणी कुठवर येतं आणि भांगाला कुठवर, हे उभं राहून सांगितलं. कुठल्या खडकापाशी जाळं लावायचं, कुठल्या महिन्यात अंडी घालायला मासळी काठाशी येते, सगळं क्रमाने सांगितलं. त्यांना मध्येच कुणी थांबवलं नाही. समोरच्या अहवालात भरतीची उंची मीटरमध्ये होती. आजोबांनी खुणा खडकांच्या नावांनी सांगितल्या. दोन्ही नोंदी त्या टेबलावर आल्या. भूगोलाच्या शिक्षिकेला याहून जास्त काय हवं?

आता गंधकाच्या संयंत्राची गोष्ट. वीज केंद्र १९९५ मध्ये चालू झालं, संयंत्राविनाच. कंपनीचं म्हणणं असं की आम्ही कमी गंधकाचा कोळसा वापरतो, गरज नाही. मे १९९९ मध्ये प्राधिकरणाने आदेश काढला: सहा महिन्यांत संयंत्र बसवा. वाद न्यायालयात गेला, मुदती उलटल्या, केंद्राची मालकी बदलली, बँक हमीचा प्रश्न आला. दर वेळी प्राधिकरणापुढे तारीख पडली की किनाऱ्याची माणसं हजर. कुणाच्या घरी लग्न असो, पेरणी असो, चार जण तरी जायचेच. अखेर २००७ मध्ये संयंत्र सुरू झालं. यात धुरावर समुद्राच्या पाण्याचा मारा होतो. पाण्यातला क्षार गंधकाचा वायू धरून ठेवतो, मग त्या पाण्यात हवा खेळवून ते परत सोडतात. कोळशावरच्या केंद्रांत असं संयंत्र असणं त्या काळात आपल्या देशात दुर्मीळ होतं.

हे किती दुर्मीळ होतं ते नंतर कळलं. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने देशभरातल्या औष्णिक केंद्रांना गंधकाची मर्यादा घालून दिली, दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणखी वाढली. जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्या संयंत्रातून सूटच मिळाली. संपूर्ण देशाच्या नियमाला जे जमलं नाही ते एका तालुक्यातल्या आदेशाला आठ वर्षांत जमलं. माझ्या मते याचं कारण साधं आहे. आदेश कुणी दिला, कुणाला दिला आणि कुठवर पाळायचा हे इथे प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि विचारायला जायची एक जागा होती.

प्राधिकरणाचा सगळ्यात मोठा ‘नाही’ सप्टेंबर १९९८ मधला. राज्य सरकारने वाढवणला महाबंदर आणायचं ठरवलं होतं, एका ऑस्ट्रेलियन कंपनीच्या मदतीने. वाढवणच का, याचं उत्तर समुद्राच्या तळात आहे: काठापासून काही अंतरावर गेलं की तिथे पाण्याला सुमारे वीस मीटरची नैसर्गिक खोली मिळते, त्यामुळे मोठी जहाजं गाळ फार न उपसता लागू शकतात. पण त्या खोलीच्या अलीकडे काय आहे ते ओहोटीला वाढवणच्या काठावर उभं राहिलं की दिसतं. पाणी मागे सरतं आणि लांबच लांब काळे खडक उघडे पडतात. खडकांत साठलेल्या डबक्यांतून बारकी मासळी, चिंबोऱ्या, शेवाळ. बायका टोपल्या घेऊन उतरतात, खडकाला चिकटलेली कालवं लोखंडी हत्याराने फोडून काढतात. पाणी परतायच्या आत काम उरकायचं असतं, म्हणून गप्पाही हात न थांबवता चालतात. याच खडकांच्या आडोशाने मासळीची पिल्लं वाढतात. डहाणू ते सातपाटीच्या पट्ट्याला मच्छीमार ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात: पापलेट, घोळ, दाढा, बोंबील, शेवंड. प्राधिकरणाने सगळ्यांचं ऐकलं आणि सांगितलं की हे बंदर अधिसूचनेत बसत नाही. प्रकल्प थांबला.

त्यानंतरची पंधरावीस वर्षं डहाणूला अशी मिळाली की जी त्या किनाऱ्यावरच्या फार थोड्या तालुक्यांना मिळाली. त्या वर्षांत आम्ही काय केलं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो आणि तो मी इथे स्पष्ट मांडणार आहे.

अधिसूचनेच्या ‘नको’ला रखवालदार मिळाला, ‘हवं’ला कुणी वाली मिळाला नाही. हिरव्या वर्गातले उद्योग करा, असं कागद म्हणत होता. ते उभारायला ना राज्याने योजना आणली, ना जिल्ह्याने, ना केंद्राने. डायमेकिंगचंच घ्या. चिंचणी, वरोर, वाढवण, डहाणू या पट्ट्यात घरोघरी डाय कोरायचा धंदा. पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक छिन्न्यांनी नक्षी उलटी कोरायची, त्यावर सोन्याचा किंवा पितळेचा पत्रा ठेवून दाब दिला की पाकळी उठते, वेल उठते, मंगळसूत्राची वाटी उठते. मुंबईच्या सराफ बाजारातल्या कितीतरी दागिन्यांची मुळं या ओसऱ्यांवर आहेत. धूर नाही, सांडपाणी नाही, मोठी जागा नाही. माझ्या वर्गातली मुलं सुट्टीत वडिलांच्या शेजारी बसून डोळ्याला भिंग लावायला शिकत. पण भांडवल नाही, प्रशिक्षण केंद्र नाही. संगणकावर कोरणारी यंत्रं आली तेव्हा कर्ज कुठून काढायचं याचा मार्ग कुणी दाखवला नाही. वाणगावच्या मिरचीची तीच गत, चिकूचीही तीच. कालीपत्ती झाडावरून कच्चीच उतरवायची, टोकाला जाळी लावलेल्या लांब काठीने, देठ न दुखवता. मग पाण्यात घोळून वरची भुकटी काढायची, आकाराप्रमाणे निवडायची, पेट्या भरून उत्तरेला धाडायच्या. फळ नाशवंत. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं २०१६ मध्ये, अधिसूचनेनंतर पंचवीस वर्षांनी.

आणि पाडे? अधिसूचनेने आदिवासी भागाचं रूप बदलू नये असं म्हटलं. पण ज्या वनजमिनीवर वारली कसत होता ती त्याच्या नावावर करायचा विषय त्यात नव्हताच. त्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला आणि त्यातही दावे कचेऱ्यांत अडकून पडले. सूर्या प्रकल्पाचं पाणी याच भागातल्या शेतीसाठी म्हणून अडवलं. त्यातलं बरंचसं वसई-विरार आणि मिरा-भाईंदरच्या नळांना गेलं. भात कापून झालं की पाड्यांवरची माणसं वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामावर जात राहिली. किनाऱ्याची शिकलेली पोरं सकाळी डबा घेऊन बोईसरची आणि वापीची गाडी पकडत राहिली. डहाणूत कारखाना येऊ दिला नाही आणि आम्हाला मात्र दुसऱ्याच्या गावचा धूर खायला पाठवलं, असं मला एका माजी विद्यार्थ्याने तोंडावर ऐकवलं आहे. त्याचं बोलणं मला पटलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या तालुक्याला अभिमान वाटला; पण एका थोर चित्रकाराच्या मानाने शंभर पाड्यांचा हिवाळा निघत नाही.

ही पोकळी होती म्हणून बंदर परत आलं तेव्हा त्याला बोलायला जागा मिळाली. २०१५ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांच्यात करार झाला. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली आणि त्याच वर्षी बंदरांना लाल वर्गातून बाहेर काढायची वाट केंद्राने करून दिली. न्यायमूर्ती धर्माधिकारी नव्हते. प्राधिकरणाची पुनर्रचना झाली. ३१ जुलै २०२३ रोजी, १९९८ मध्ये ‘नाही’ म्हणणाऱ्या त्याच प्राधिकरणाने अटी घालून ‘हो’ म्हटलं. पाचच आठवड्यांनी राज्य सरकारने पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केलं. एप्रिल २०२४ मध्ये परवानगीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्या. १९ जून २०२४ रोजी मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला आणि ३० ऑगस्टला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, नऊ कंटेनर टर्मिनल, वर्षाला २९ कोटी ८० लाख टनांची क्षमता. प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून १२ लाख रोजगार, असं सरकार सांगतं.

किनाऱ्यावर ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ हे शब्द भिंतींवर आहेत, होड्यांवर आहेत. माझं मत किनाऱ्याबरोबर आहे. खडक भरावाखाली गेले की ते परत आणता येत नाहीत, आणि सावधगिरीचं तत्त्व अशाच गोष्टींसाठी असतं, हे न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं होतं. तरीही रोजगाराचा आकडा ऐकून ज्यांचे डोळे चमकतात त्या पोरांना मी दोष देणार नाही. त्यांच्यापुढे दुसरा आकडा कुणी ठेवला? तालुक्यातून मालवाहतुकीचा स्वतंत्र रेल्वेमार्ग जातो, बुलेट ट्रेनचा मार्ग जातो, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग जातो. जमिनी जात आहेत हे त्यांना रोज दिसतं. वाडीतल्या चिकूला प्रक्रिया केंद्र, डायवाल्याला कर्ज, कोळणीला बर्फाचा कारखाना आणि बसायला बाजार, कसणाऱ्याला सातबारा: हे १९९१ नंतरच्या दहा वर्षांत झालं असतं तर २०२४ च्या सभांतलं बोलणं वेगळं असतं, असं मला वाटतं.

वर्गात आता दुसऱ्या बाई शिकवतात. त्यांना राजपत्राची प्रत मी दिली आहे आणि २०२३ च्या परवानगीचा कागदही जोडून दिला आहे. दोन्ही एकाच धड्यात वाचावेत, असं माझं म्हणणं. आणि प्राधिकरणाकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे, बंदर बांधणाऱ्यांकडे मागणं असं की त्या परवानगीतल्या अटी एक-एक करून मराठीत लिहाव्यात. प्रत्येक अटीपुढे मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहावं. वाढवण, वरोर, धाकटी डहाणू, चिंचणी आणि पूर्वेच्या ज्या ज्या गावांतून रस्ता नि रूळ जाणार आहेत त्या सगळ्या ग्रामपंचायतींच्या फलकांवर तो तक्ता लावावा. आणि दर तीन महिन्यांनी प्राधिकरणाने डहाणूत बसून, खुल्या सुनावणीत, तो वाचून दाखवावा. मे १९९९ च्या आदेशात ‘सहा महिने’ असे दोन शब्द होते. पुढची आठ वर्षं आम्ही त्या दोन शब्दांना धरूनच विचारत राहिलो की संयंत्र कुठे आहे.